‘तुम्ही दुसरा डॉक्टर बघा’



परवा एक काका तपासणीच्या टेबलावरून उतरता उतरता म्हणाले, “डॉक्टर, मघाशी बाहेर तो माणूस आपल्या ताईंना एवढं बोलला. सगळ्यांसमोर. तुम्ही त्याला बाहेर का नाही काढलंत?”

ओपीडीत अजून अठरा पेशंट बसले होते, त्यामुळे “बघू, त्याचीही काहीतरी अडचण असेल” एवढंच बोलून मी वेळ मारून नेली. काकांना ते पटलं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. खरं उत्तर जरा लांबलचक आहे, म्हणून इथे लिहितो. आज गोळ्या आणि तपासण्यांबद्दल थोडंच आहे, पण जे आहे ते वाचाच. तुमच्या घरातल्या कुणाला तरी उपयोगी पडेल.

मी 2001 पासून तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. ‘तुम्ही दुसरा डॉक्टर बघा’ हे वाक्य मी या सगळ्या वर्षांत पेशंटला चार वेळा म्हटलं आहे. त्यातलं पहिलं साफ चुकलं होतं.

ती गोष्ट आधी सांगतो.

2009 सालचा श्रावण होता, सोमवार. एस.टी.तून निवृत्त झालेले एक कंडक्टर माझ्याकडे सहा वर्षं डायबिटीससाठी येत होते. अत्यंत मऊ माणूस. नंबर मागे गेला तरी “असू दे, मला काय घाई” म्हणणारे. त्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला ते आले आणि काउंटरवर हात आपटून ताईंवर ओरडायला लागले. किती वेळ बसवणार, पैसे काय फुकट घेता, वगैरे. मग एक शिवी. मी आत एका लहान मुलाला तपासत होतो, तो घाबरून रडायला लागला. सकाळपासून माझ्याही पोटात काही नव्हतं. मी बाहेर आलो आणि सगळ्यांदेखत म्हणालो, “हे असलं इथे चालणार नाही. तुम्ही दुसरा डॉक्टर बघा.”

ते माझ्याकडे नुसते बघत राहिले. मग वळून निघून गेले. बसलेल्या लोकांपैकी एक जण “बरं केलंत” असंही म्हणाला.

पाऊण तासाने एक रिक्षावाला त्यांना मागच्या सीटवर आडवं घालून घेऊन आला. बाजाराच्या रस्त्यावर झाडाखाली पडले होते, शर्ट घामाने भिजलेला. लोकांना वाटलं पिऊन पडलेत. बोटातून रक्त घेऊन साखर तपासली तर 38. शिरेतून ग्लुकोज दिलं. काही मिनिटांत त्यांनी डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले, “ताई, माझी पिशवी कुठं राहिली?”

त्यांना मधलं काहीच आठवत नव्हतं. शिवी नाही, मी हाकललेलं नाही, काही नाही. सोमवारचा उपवास होता आणि सकाळची साखरेची गोळी मात्र रोजच्यासारखी घेतली होती. ती गोळी मीच लिहून दिली होती. उपवासाला ती कशी घ्यायची किंवा घ्यायची नाही, हे मी सांगितलं होतं का, ते मला आजही नक्की आठवत नाही. नसावं सांगितलं.

आता यातलं शास्त्र समजून घ्या. आपला मेंदू मुख्यतः रक्तातल्या साखरेवर चालतो आणि त्याच्याकडे स्वतःचा साठा जवळजवळ नसतो. साखर 70 च्या खाली गेली की शरीर धोक्याची घंटा वाजवतं : घाम, थरथर, धडधड, सणकून भूक. 54 च्या खाली मेंदूचं कामच बिघडायला लागतं. मग माणूस चिडतो, भांडतो, असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो. बघणाऱ्याला वाटतं दारू प्यालाय किंवा माज आलाय. म्हणून डायबिटीसचं औषध घेणारं माणूस अचानक विचित्र वागायला लागलं, तर वाद घालत बसू नका. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटांनी साखर परत तपासा, कमीच असेल तर पुन्हा द्या, आणि सुधारल्यावर काहीतरी खायला घाला. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जाईल. थेट दवाखाना. आणखी एक : ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्यांचा असर बराच वेळ टिकतो. एकदा साखर वर आली म्हणून लगेच घरी जायचं नसतं, ती पुन्हा खाली येऊ शकते. आमच्या कंडक्टरसाहेबांना मी रात्रभर ठेवून घेतलं होतं.

चुकलं कुठे? ते ओरडले म्हणून मी रागावलो, हे समजण्यासारखं आहे. डॉक्टरही माणूसच. पण सहा वर्षं ज्याने आवाज चढवला नाही तो माणूस आज शिवी देतोय, हा बदल मला दिसायला हवा होता. पेशंटमधला अचानक झालेला बदल हेरणं हेच तर माझं काम आहे. मी त्याला वागणूक समजलो. ते लक्षण होतं.

अशी लक्षणं आणखीही आहेत. वयस्कर माणूस एक-दोन दिवसांत एकदम संशयी, भांडखोर झालं, रात्री जास्त बडबडायला लागलं, की घरचे म्हणतात “म्हातारपण, दुसरं काय.” पण त्यामागे लघवीतला जंतुसंसर्ग असू शकतो, न्यूमोनिया असू शकतो, रक्तातलं सोडियम उतरलेलं असू शकतं (ब्लड प्रेशरच्या काही गोळ्यांनी हे होतं), लघवी तुंबलेली असू शकते. फुप्फुसाच्या पेशंटमध्ये ऑक्सिजन कमी झाला तरी असंच होतं. थायरॉइड वाढलेली व्यक्ती सतत करवादलेली असते. स्टेरॉइडच्या मोठ्या डोसवर काहींचा स्वभाव पालटतो. रोज पिणारा माणूस दुसऱ्याच कारणाने अ‍ॅडमिट झाला आणि दारू एकदम तुटली, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो सलाइन उपटतो आणि नर्सच्या अंगावर धावून जातो. वॉर्डात याला बेशिस्त म्हणतात. खरं तर ही जिवाला धोका असलेली अवस्था आहे.

त्या सोमवारनंतर मी दवाखान्यात एक नियम केला. कुणी आरडाओरडा केला की आधी त्याला खुर्चीत बसवायचं आणि नाडी, प्रेशर, ऑक्सिजन, साखर बघायची. बरोबर कुणी असेल तर एकच प्रश्न विचारायचा, “हे नेहमी असेच असतात का?” तीन-चार मिनिटं लागतात. बहुतेक वेळा सगळं नॉर्मल निघतं आणि माणूस नुसता चिडलेला असतो. पण गंमत म्हणजे दंडाला प्रेशरचा पट्टा गुंडाळला की ओरडणारा माणूस बहुधा शांत होतो. कुणीतरी आपल्याकडे लक्ष दिलं, एवढंच त्याला हवं असतं.

आता नुसत्या चिडलेल्यांबद्दल. त्यातला मोठा वाटा आमचा असतो, हे कबूल करतो. अकराची वेळ देऊन दीडला बोलवायचं, मध्येच एमआरला आत घ्यायचं, ओळखीच्या माणसाला मागच्या दाराने आणायचं, आणि मग कुणी बोललं की “पेशंट फार उद्धट झालेत हल्ली” म्हणायचं. माझ्याकडेही हे झालं आहे.

शिवाय ‘त्रासदायक पेशंट’ म्हणून आम्ही डॉक्टर ज्यांची नावं ठेवतो, त्यातले बरेचसे त्रासदायक नसतातच. मोबाइलवर वाचून आलेले, वहीत प्रश्न लिहून आणलेले, “दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेऊ का” विचारणारे, बिलातली एकेक ओळ समजावून मागणारे, रिपोर्टची कॉपी मागणारे. हे सगळं तुमच्या हक्कातलं आहे. आपले कागद मागितलेत तर 72 तासांत देणं आमच्यावर बंधनकारक आहे. मागताना अपराधी वाटून घेऊ नका. कुणी डॉक्टर यावर चिडला तर तुम्ही दुसरा डॉक्टर बघा! तुम्हाला तर नोटीसही द्यावी लागत नाही.

मग मी कुणाला नाही म्हणतो?

आमच्याकडे गावातले एक मोठे व्यापारी यायचे. आत आले की “डॉक्टरसाहेब, तुमच्यासारखा डॉक्टर नाही.” बाहेर ताईंशी अरे-तुरे, नर्सकडे बघून घाणेरडे विनोद. मला हे जवळजवळ वर्षभर कळलंच नाही, कारण ताई बोलल्या नाहीत. मोठं गिऱ्हाईक आहे, घरचे सात-आठ पेशंट आहेत, साहेबांना आवडणार नाही, असं त्यांना वाटलं. हे ऐकून मला त्यांच्यापेक्षा माझी जास्त लाज वाटली. माझ्यावर कुणी ओरडला तर मी उत्तर देऊ शकतो, दार लावून घेऊ शकतो. काउंटरवर बसलेली बाई पगारासाठी गप्प बसते. तिच्या वतीने नाही म्हणणं हे माझं काम होतं आणि मी ते केलं नव्हतं.

त्यांना आत एकटं बसवून, आवाज न चढवता सांगितलं : हे पुन्हा झालं तर मी तुमचे उपचार करणार नाही. ते हसले. तीन आठवड्यांनी पुन्हा झालं. नर्सचा हात धरला. मी तिला म्हणालो की पोलिसात जायचं असेल तर मी बरोबर येतो. तिने नको म्हटलं, आणि तो निर्णय तिचा होता. माझा निर्णय मी त्याच दिवशी घेतला.

यात कायदा काय म्हणतो हे तुम्हाला माहीत असलेलं बरं. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे कोणाला सेवा द्यायची हे ठरवण्याची मुभा डॉक्टरला आहे, पण मनमानी करून उपचार नाकारता येत नाहीत. इमर्जन्सीत तर नाहीच नाही. अपघाताच्या पेशंटला आधी वाचवा, बाकीचं नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलं आहे. आणि एकदा उपचार हातात घेतले की पेशंटला आणि घरच्यांना पुरेशी सूचना दिल्याशिवाय डॉक्टरला अंग काढून घेता येत नाही. 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवीन नियम आणले, त्यात शिवीगाळ किंवा मारहाण करणाऱ्या पेशंटला नाकारण्याचा हक्क थेट लिहिला होता. ते नियम त्याच ऑगस्टमध्ये स्थगित झाले. आजार कोणता आहे यावरून नाकारणं ही तर आणखी वेगळी गोष्ट. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारायला 2017 चा कायदा मनाई करतो.

म्हणून व्यापाऱ्यांना मी पत्र दिलं, मराठीत, दहा ओळींचं. कारण लिहिलं. इथल्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या डॉक्टरांची नावं दिली. प्रेशरची आणि हृदयाची औषधं एक महिन्याची लिहून दिली, कारण त्यातली काही एकदम बंद झाली तर धोका असतो. फाइलची झेरॉक्स दिली. शेवटी लिहिलं की जिवावरचा प्रसंग आला तर रात्री-अपरात्री कधीही या, दार उघडेन. त्यांच्या घरच्या बाकीच्या पेशंटना मी काहीच कळवलं नाही. वहिनी अजून माझ्याकडे येतात. आम्ही त्या विषयावर कधी बोललेलो नाही.

काही जण म्हणतील, एवढं मनाला का लावून घ्यायचं, दोन शिव्यांनी काय होतं? होतं. 2015 मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या मासिकात इस्रायलमधला एक अभ्यास आला होता. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या डॉक्टर-नर्सच्या टीमना सरावासाठी एक आजारी बाळाची केस दिली. काही टीमना मध्येच एका पाहुण्या तज्ज्ञाकडून सौम्य, पण अपमानास्पद शेरे ऐकवले. त्या टीमचं निदानही घसरलं आणि हातानं करायची कामंही. शिव्या नव्हत्या, नुसते शेरे. तेव्हा अकरा वाजता काउंटरवर झालेल्या तमाशाची किंमत साडेअकराच्या पेशंटला मोजावी लागू शकते. तुमचा नंबर साडेअकराचा असेल तर हे तुमच्याही कामाचं आहे.

बाकी एक फरक मी पाळतो. खोटं मेडिकल सर्टिफिकेट मागणारे, चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या ‘नुसत्या लिहून द्या’ म्हणणारे, सर्दीला सलाइन लावायचा हट्ट धरणारे, यांना मी ते काम नाकारतो, माणूस नाकारत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना ताप आला तर त्यांनी संकोच न करता माझ्याकडेच यावं.

सगळ्यात अवघड असतं ते पेशंट गरीब गाय आणि नातेवाईक वाघ असला की. हृदय कमजोर झालेली एक आजी होती आणि तिचा मुलगा प्रत्येक वेळी “आईला काही झालं तर बघून घेईन” असं म्हणायचा. आजी जमिनीकडे बघत बसायची. एका रात्री तिला दम लागला आणि मी दार उघडेपर्यंत त्याने काच फोडली. महाराष्ट्रात दवाखान्यातल्या हिंसाचाराविरुद्ध 2010 चा कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मी पोलिसांना फोन केला. पण त्याआधी आजीला ऑक्सिजन लावला, फुप्फुसातलं पाणी उतरवायचं इंजेक्शन दिलं आणि 108 बोलावून जिल्ह्याला पाठवलं. काच त्याने फोडली होती, आजीने नाही. नंतर ठरलं की आजीबरोबर सून येईल, मुलगा गाडीत बसेल. आजी पुढे तीन वर्षं माझ्याकडेच आली. तिला मी ते वाक्य म्हटलं नाही याचं मला बरं वाटतं, कारण त्या रात्री ते अगदी ओठांवर आलं होतं.

तिसऱ्या वेळेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कंपाउंडरला मारहाण केलेला माणूस होता, व्यापाऱ्यांसारखंच पत्र त्यालाही दिलं.

चौथ्याबद्दल मला अजून झोप लागत नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल. झोप लागते. पण तो आठवतो. चाळिशीचा माणूस, दारूने लिव्हर खराब झालेलं, पोटात पाणी. दर वेळी पिऊन यायचा, दर वेळी शिव्या, दर वेळी शपथा. अमेरिकेतल्या जेम्स ग्रोव्ह्ज या मानसोपचारतज्ज्ञाने 1978 मध्ये डॉक्टरांना नकोशा वाटणाऱ्या पेशंटवर एक प्रसिद्ध लेख लिहिला होता. त्यात चार प्रकार सांगितले आहेत, आणि शेवटचा आहे स्वतःचा नाश करत राहणारा पेशंट. अशा पेशंटबद्दल डॉक्टरच्या मनात ‘हा एकदाचा सुटला तर बरं’ असाही विचार येऊन जातो, हे त्याने न लाजता लिहिलं आहे. मी तो लेख विद्यार्थी असताना वाचला होता. तरीही एका संध्याकाळी मी त्याला म्हणालो, “दारू सोडल्याशिवाय माझ्याकडे यायचं नाही. दुसरा डॉक्टर बघा.” पत्र नाही, औषधं नाहीत, नावं नाहीत. मला वाटलं या धाकाने तरी सोडेल.

तो परत आला नाही. आठ-नऊ महिन्यांनी कळलं की रक्ताची उलटी होऊन गेला. माझ्याकडे येत राहिला असता तर वाचला असता का? बहुधा नाही. पण व्यसन हा आजार आहे असं मी व्याख्यानांत सांगतो, आणि त्या आजाराचं लक्षण दिसलं म्हणून मी त्या माणसाला दार बंद केलं. त्याला व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता द्यायला दोन मिनिटं लागली असती. आता मी तो पत्ता छापून टेबलाच्या खणात ठेवतो, आणि पिऊन आलेल्याला “उद्या सकाळी न पिता या” एवढंच सांगतो. मात्र ज्याची रोजची आहे त्याला असं सांगत नाही, कारण एकदम तोडणंही धोक्याचं असतं. त्याच्याबरोबर घरच्या माणसाला बसवून वेगळं बोलावं लागतं.

तर काका, परवाचा तो माणूस. साखर, प्रेशर, सगळं ठीक होतं. बायकोला पाच दिवसांचा ताप, प्लेटलेट कमी, आणि त्यांच्या गावाची शेवटची एस.टी. साडेपाचला. तुम्ही ऐकलंत तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती आणि त्याचा नंबर तेविसावा होता. त्याने ताईंना जे शब्द वापरले ते मी त्याला आत सुनावले आणि ताईंना सॉरी म्हणायला सांगितलं. तो म्हणाला नाही. मान खाली घालून औषधं घेऊन गेला.

शुक्रवारी तो फेरतपासणीला परत आला. काउंटरपाशी उभा राहिला, काही बोलला नाही. ताईंनीच विचारलं, “दादा, बायकोचा ताप उतरला का?” मग त्याचं नाव यादीत वर घेतलं आणि समोर कंसात लिहिलं, ‘साडेपाचची गाडी’. आता बाहेरगावच्या सगळ्यांच्या नावापुढे त्या गाडीची वेळ लिहितात.